वाचता येत नाही: शाळा बुडाली म्हणून की डिस्लेक्सिया आहे म्हणून?

चौथीतलं पोर 'म' आणि 'भ' यांत घोटाळतं, जोडाक्षर आलं की थबकतं, बोट ठेवून एकेक अक्षर लावतं आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतं. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत त्याचं उत्तर तयार असतं: आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, दुसरं काय होणार! तेच पोर छत्रपती संभाजीनगरच्या खासगी शाळेत असलं, तर पालकांच्या हाती समुपदेशकाची चिठ्ठी पडते. दोन्ही उत्तरं कधी बरोबर असतात, कधी साफ चुकतात. गरिबाच्या पोराचा विकार गैरहजेरीच्या खाती जमा होतो आणि पैसेवाल्याच्या घरी निव्वळ कच्चा राहिलेला पाया विकार ठरतो.

शाळा बुडालेल्या मुलाचं आधी पाहू. दिवाळीच्या मागेपुढे टोळी निघते, कारखान्याचा हंगाम संपून परत येईस्तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही आहे. पण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं, मग मोठीला सोबत नेलं जातं. अशा मुलाला जे येत नाही, त्याला एक आकार असतो. जे शिकवलं गेलं ते येतं, जे बुडालं ते कोरं. मुळाक्षरं पक्की, बाराखडी अर्धी, जोडाक्षरांचा पत्ता नाही. गणितातही तसंच: बेरीज येते, हातच्याची वजाबाकी येत नाही, कारण ती वर्गात झाली तेव्हा ते फडात होतं.

डिस्लेक्सिया, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीचा) सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, वेगळा. इथे शाळा भरलेली असते, शिकवणीही लावलेली असते, तरी अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही. बुद्धी कमी नसते. मेंदूची ती घडणच वेगळी असते आणि बऱ्याचदा घरात आणखी कुणालातरी हाच त्रास झालेला असतो. चुकांना धड आकार नसतो: एका ओळीत नीट वाचलेला शब्द पुढच्या ओळीत अडतो, काल पाठ झालेलं आज जातं. शाळेत जाण्याआधीच बोलणं उशिरा आलेलं, बडबडगीतं लक्षात न राहिलेली, असंही कधी कधी आढळतं.

'तोंडी हुशार, लेखी कच्चा' हे डिस्लेक्सियाचं लक्षण म्हणून सगळीकडे सांगितलं जातं. ऊसतोड्याच्या पोराबाबत ते फसवं आहे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा हिशेब तोंडी मांडणारं पोरही लेखी कच्चं असू शकतं, आणि त्याला काहीही झालेलं नसतं. उलटी काढलेली अक्षरंही पहिली-दुसरीत फारशी मनावर घेऊ नयेत. तांड्यावरच्या बंजारा मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते; त्याला आधी मराठीच नवी असते, हेही विसरलं जातं.

खरा फरक शिकवल्यावर कळतो. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. चष्मा न मिळालेली कितीतरी मुलं 'ढ' ठरतात. मग ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत असतात तशा पायऱ्या लावाव्यात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल ज्या पायरीवर आहे तिथून रोज शिकवावं, इयत्तेच्या पुस्तकातून नव्हे. शाळा बुडालेलं मूल काही आठवड्यांत सरसर वर चढतं. डिस्लेक्सियाचं मूल तिथेच घुटमळतं.

आता अडचण इथे आहे. निदानाच्या निकषांनुसार नेमकी मदत देऊनही त्रास किमान सहा महिने टिकायला हवा आणि शिकवणं कमी पडणं हे त्याचं मुख्य कारण नसावं. ऊसतोड्याच्या पोराला सलग सहा महिने मिळतात कुठे? मग ज्याला शाळाही बुडालेली आहे आणि डिस्लेक्सियाही आहे, ते मूल दोन्हीकडून सुटतं. माझ्या मते मराठवाड्यात सगळ्यात जास्त काळजी याच मुलाची करायला हवी.

उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शिकवणं हवं, प्रमाणपत्र नको. दुसऱ्याला आवाजापासून अक्षराकडे नेणारा, पुन्हा पुन्हा गिरवून घेणारा सराव लागतो. डिस्लेक्सियावर गोळी नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. चौकशी जिल्हा रुग्णालयापासून सुरू करावी. घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागही आहे. मूल शाळेचं नाव काढताच पोट दुखतं म्हणत असेल किंवा मरण्याची भाषा करत असेल, तर वाचनाचं नंतर बघू. आधी 14416 या टेलीमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोलावं.

गुरुजींनी एक काम करावं. मूल गाव सोडताना शिक्षण हमी कार्डासोबत एका कागदावर तारीख, वाचनाची पायरी, काय शिकवलं आणि कुठे अडलं एवढं लिहून द्यावं. कारखान्याजवळच्या शाळेनं त्याच कागदावर पुढचं लिहावं. सहा महिने एका शाळेत मिळत नसतील, तर दोन शाळांत मिळून जुळवता येतात.