तिवी बेटांचा फुटबॉल हंगाम

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील तिवी बेटांवर साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात रंगणारा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा साखळी हंगाम. डार्विनच्या उत्तरेला सुमारे ८० किमी. अंतरावर बॅथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन मुख्य बेटे असून मधे चिंचोळी ॲप्सली सामुद्रधुनी आहे. वस्ती जेमतेम अडीच हजारांची, बहुतेक तिवी आदिवासींची. त्यातले जवळपास एकतृतीयांश लोक हा खेळ खेळतात, असे नेहमी सांगितले जाते.

मेलबर्नकडे हा खेळ तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे मार्च ते सप्टेंबर, चालतो. इथे सगळे उलटे. कोरड्या ऋतूत उत्तरेकडची जमीन दगडासारखी टणक होते. पाऊस पडला की मैदान मऊ पडते आणि पडण्याची भीती उरत नाही. तिवी लोक वर्षाचे तीन मुख्य ऋतू मानतात : धुराचा, कोरडा कुमुनुपुनारी, घामाघूम करणारा तियारी, आणि पावसाचा जामुताकारी. हंगाम तियारीत सुरू होतो आणि जामुताकारीत संपतो. या दिवसांत बेटांवर दुपारी जवळजवळ रोज एक प्रचंड गडगडाटी ढग उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी त्याला ‘हेक्टर’ हे नाव दिले, २० किमी. उंचीपर्यंत चढणारा हा ढग त्यांना दुरून दिशा दाखवायचा. खेळाडूंसाठी मात्र तो म्हणजे ओला चेंडू.

मैदान आणि चेंडू दोन्ही लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. लाथेने उडालेला चेंडू हवेत अलगद पकडणे ही या खेळाची खरी शोभा, पण पावसात तो हातातून निसटतो. म्हणून चेंडू पकडून थांबण्याऐवजी त्याला हाताने टोला देत, पायाने ढकलत पुढे पळवत राहायचे, अशी शैली इथे रुजली. पूर्वी खेळ सर्रास अनवाणीच होई, अजूनही कुणी कुणी बूट न घालता उतरतो. खेळाला तिवी भाषेत ‘यिलोगा’ म्हणतात.

बॅथर्स्टवर १९११ साली कॅथलिक मिशन आले. तिथल्या ब्रदर जॉन पाय यांनी १९४१ मध्ये मुलांना हा खेळ शिकवला. डार्विनमध्ये काम करणाऱ्या तिवी तरुणांना खेळता यावे म्हणून १९५२ मध्ये सेंट मेरीज हा क्लब निघाला. त्यातूनच पुढे आलेला डेव्हिड कँटिला १९६१ पासून ॲडलेडमध्ये साउथ ॲडलेडकडून खेळला आणि १९६४ च्या विजेत्या संघात होता. बेटांवरची स्वतःची लीग १९६९ मध्ये सुरू झाली. इमालू टायगर्स, रांकू ईगल्स, तुयू बफेलोज, वालामा बुलडॉग्ज, मुलुवुरी मॅगपाइज, पुमाराली थंडर, तापालिंगा सुपरस्टार्स अशी संघांची नावे : पहिला शब्द तिवी, दुसरा इंग्रजी, आणि त्यातली बरीच टोपणनावे थेट मोठ्या क्लबांची. बेटांचा एकत्रित संघ तिवी बॉम्बर्स २००६-०७ पासून डार्विनच्या लीगमध्ये उतरला आणि २०११-१२ मध्ये तिथला विजेता ठरला.

इथल्या रिओली, लाँग या घराण्यांची गोष्ट आकड्यांपेक्षा नात्यांतून चांगली कळते. राष्ट्रीय पातळीवरच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला नॉर्म स्मिथ पदक मिळते. १९८२ मध्ये ते मॉरिस रिओलीला मिळाले, तेही त्याचा रिचमंड संघ हरलेला असताना. १९९३ मध्ये एसेंडनच्या मायकल लाँगने ते जिंकले आणि २०१५ मध्ये हॉथॉर्नच्या सिरिल रिओलीने. मॉरिस हा सिरिलचा काका, मायकल सिरिलचा मामा.

मार्चमधला अंतिम सामना बॅथर्स्टवरच्या वुरुमियांगात (२०१० पर्यंतचे नाव न्गुइयू) होतो. एरवी बेटांवर यायला परवाना लागतो; त्या एका दिवशी तो माफ असतो. डार्विनहून काही जण छोट्या विमानाने अर्ध्या तासात पोचतात, बाकीचे फेरीबोटीने दोन-अडीच तास समुद्र कापत. त्याच दिवशी तिवी कलावस्तूंची विक्री भरते : लोहकाष्ठात कोरलेले पक्षी, गेरू आणि पांढऱ्या मातीने रंगवलेले खांब, छापील कापड. पाहुण्यांपैकी कित्येक जण खरे तर या विक्रीसाठीच येतात, सकाळीच हव्या त्या वस्तू उचलतात आणि मग बगलेत लाकडी पक्षी धरून सामना पाहायला मैदानाच्या कडेला जागा शोधतात.