बोर्डात पहिला कोण, हे आता का कळत नाही

दहावीच्या निकालात आता विभागनिहाय टक्केवारी येते, मुली पुढे की मुलं हे येतं, शंभर टक्केवाले किती हेही येतं. बोर्डात पहिला कोण आला, एवढंच येत नाही. गुणवत्ता यादी बंद झाली ती 2007 च्या आसपास. क्रमवारी मात्र तेव्हा संपली नाही. ती अकरावीच्या प्रवेशाकडे सरकली आणि पुढची तीन वर्षं थेट कोर्टात जाऊन बसली.

क्रमाची हौस मॅट्रिकपासूनची. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला मिळणाऱ्या शंकरशेट शिष्यवृत्तीचा दबदबा इतका, की ती मिळवणाऱ्याच्या चरित्रात तिचा उल्लेख हमखास सापडतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले होते आणि शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली होती. मॅट्रिकची एसएससी झाली, 1966 मध्ये राज्य मंडळ आलं, 1975 पासून अकरावीऐवजी दहावी हा टप्पा झाला. ‘बोर्डात येणं’ हा वाक्प्रचार तेवढा टिकला.

यादीचा खरा बहर ऐंशी-नव्वदच्या दशकांतला. विभागवार यादी, पेढा भरवणारे आईबाबा, ‘रोज किती तास अभ्यास केला’ हा ठरलेला प्रश्न आणि आठवड्याभरात तोच चेहरा एखाद्या क्लासच्या जाहिरातीत; कधीकधी एकाच वेळी दोन क्लासच्या. लातूरच्या शाळा-कॉलेजांच्या परीक्षा-तयारीच्या पद्धतीचं, म्हणजे ‘लातूर पॅटर्न’चं, नाव राज्यभर झालं तेही याच याद्यांमुळे. एकेका गुणावरून मुलांवर येणारा ताण हे यादी बंद करण्याचं सांगितलेलं कारण, आणि ते खोटं नव्हतं. पण ही यादी मूठभर मुलांची होती. त्यानंतर जी यादी महत्त्वाची ठरली ती अकरावीला अर्ज करणाऱ्या प्रत्येकाची.

अडचण अशी की या यादीत वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका रांगेत लावावे लागतात. मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या महाविद्यालयांत जागा मोजक्या, आणि आयसीएसई या दुसऱ्या मंडळाची मुलं भरघोस टक्के घेऊन येतात, ही राज्य मंडळाच्या पालकांची तक्रार जुनी होती. 2008 मध्ये सरकारने त्यावर तोडगा काढला: विद्यार्थ्याच्या टक्क्यांना त्याच्याच मंडळातल्या पहिल्या दहा जणांच्या सरासरीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. समजा, एका मंडळाच्या दहा जणांची सरासरी 97 आणि दुसऱ्याची 98.5. मग दोन्हीकडच्या 90 टक्केवाल्यांना मिळणार अनुक्रमे 92.78 आणि 91.37. कट-ऑफ दशांशावर ठरत असताना हा फरक म्हणजे कॉलेजच बदलणं. याला नाव दिलं पर्सेंटाइल. संख्याशास्त्रातल्या पर्सेंटाइलशी या भागाकाराचा संबंध नव्हता. आपल्या मागे किती जण आहेत हे तो सांगतच नव्हता, आणि लाखो मुलांचं नशीब प्रत्येक मंडळातल्या दहा अनोळखी मुलांच्या गुणांवर टांगत होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

2009 मध्ये सरकारने आकडेमोडीचा आडपडदाही ठेवला नाही. नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना, उरलेल्या दहा टक्के बाकीच्या सगळ्यांना. हेही उच्च न्यायालयात टिकलं नाही, आणि टिकेल असं सरकारी वकिलांना तरी वाटलं होतं का, हा प्रश्न आहे.

2010 मध्ये आलं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’. राज्य मंडळाच्या मुलाचे सहा विषय, त्यांतले सर्वाधिक गुणांचे पाच धरायचे. गणितात घसरलेल्याला किंवा तिसऱ्या भाषेत अडकलेल्याला मोठा दिलासा. ही सवलत एकाच मंडळाला का, म्हणून दुसऱ्या मंडळांचे पालक पुन्हा कोर्टात गेले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने निर्णय रद्द केला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मधल्या काळात मुलं गुणपत्रिका हातात घेऊन बसली होती आणि आपले टक्के नेमके किती, हे त्यांना सांगता येत नव्हतं. आयसीएसईचा स्वतःचा निकालही इंग्रजी अधिक सर्वोत्तम चार विषय असा धरण्याची रीत आहे, हे त्या गदारोळात फार कमी जणांनी बोलून दाखवलं. राज्य मंडळाच्या मुलांवर मेहेरबानी झाली असं म्हणणाऱ्यांनी ते तरी ध्यानात घ्यायला हवं होतं.

त्याच सुमारास सीबीएसई या केंद्रीय मंडळाने दहावीला गुणांऐवजी श्रेणी आणल्या होत्या. दहापैकी मिळालेल्या सीजीपीएला, म्हणजे श्रेणीगुणांच्या सरासरीला, 9.5 ने गुणून टक्के काढायचे, म्हणजे पैकीच्या पैकी मिळवणाराही 95 वरच थांबणार. हा प्रयोग पुढे गुंडाळला गेला आणि 2018 पासून तिथे बोर्डाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली.

बेस्ट ऑफ फाइव्ह टिकलं, त्याला खेळाचे आणि 2017 पासून शास्त्रीय कला, लोककला, चित्रकलेचे वाढीव गुण जोडले गेले. त्या वर्षी 193 जणांना शंभर टक्के मिळाले. 2019 मध्ये भाषांचे 20 गुणांचे तोंडी मूल्यमापन काढून टाकलं, तर राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला आणि शंभर टक्केवाले अवघे 20 उरले. दुसऱ्या मंडळांची मुलं पुढे निघून गेली, अशी ओरड लगेच झाली. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले आणि आकडा 242 झाला. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही, तेव्हा तो 957 होता.