बॉयलरला हवा लावू नका

“वाफ धोक्याची, हवा बिनधोक. घरी केलेलं वाफेचं इंजिन आधी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तपासून घे.” जालन्यापासून लातूरपर्यंत विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या पोरांना हा सल्ला मिळताना मी वर्षानुवर्षं ऐकतोय.

यातलं अर्धंच खरं आहे. इंजिन, म्हणजे पिस्टन, सिलिंडर, झडप, एक-दोन बार दाबाच्या हवेवर खुशाल फिरवा (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब). तेलाचे दोन थेंब सोडा. झडपेची वेळ चुकली असेल तर लगेच कळतं.

पण बॉयलर, म्हणजे पाण्याची वाफ करणारी टाकी, तपासायला हवा लावायची नाही. अजिबात नाही. एक लिटरच्या तांब्याच्या बॉयलरमध्ये 7 बार दाबाने हवा भरली, की बाहेरची आठ लिटर हवा आत कोंबलेली असते. जोड सुटला की ती क्षणात फुगते आणि पत्र्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो. ट्रकचं टायर फुटताना ज्याने जवळून पाहिलंय, त्याला हे सांगायला नको. त्याच दाबाला लिटरभर पाणी दबतं जेमतेम पाच-सात थेंबांइतकं. जोड गळला तर बारीक चिळकांडी उडते, गेजचा काटा खाली येतो, बस्स.

म्हणून तपासताना बॉयलर काठोकाठ पाण्याने भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब चढवून थांबा.

आणि हो, हवेवर पळालेलं इंजिन वाफेवर अडू शकतं. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. निचऱ्याची तोटी उघडी ठेवून आधी सिलिंडर तापू द्या.