धाक नेमका कशाचा?

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नया बाजारच्या कोपऱ्यावर, मोटारसायकलवरून आलेल्या दोन पोरांनी मामीच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेलं. मानेवर वळ उठला, चष्मा फुटला. दुसऱ्या दिवशीच्या हिंदी पेपरात चार ओळींची बातमी आली आणि तीत लुटीच्या कलमाशेजारी ‘११/१३ डकैती एक्ट’ असं छापलेलं होतं. ग्वाल्हेरात वाढलेल्यांना हे आकडे नवे नाहीत. घरी जमलेल्या सगळ्यांना ते वाचून बरं वाटलं. “आता लवकर जामीन मिळायचा नाही,” असं कुणीतरी म्हणालं. त्या क्षणी मलाही तेच हवं होतं.

तो कायदा १९८१ सालचा. पूर्ण नाव मध्यप्रदेश डकैती आणि व्यपहरण प्रभावित क्षेत्र अधिनियम. चंबळच्या बीहडांतल्या, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतल्या, डाकूंच्या टोळ्या डोळ्यांपुढे ठेवून तो केला गेला. खटला विशेष न्यायालयात, अटकपूर्व जामिनाची वाट बंद. टोळ्या संपत आल्या तरी कायदा राहिला आणि आता तो मोटारसायकलवरच्या पोरांना लागतो. कडक कलम लागलं म्हणजे पुढच्या बाईचं मंगळसूत्र वाचेल, असं आपण गृहीत धरतो. ते खरं आहे का, याचा माग शास्त्रज्ञांनी बराच काळ घेतला आहे.

१७६४ साली चेझारे बेक्कारिया या सव्वीस वर्षांच्या इटालियन तरुणाने लिहून ठेवलं की गुन्हा रोखते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, शिक्षा होणारच ही खात्री. तेव्हा हा नुसता तर्क होता. तो मोजून बघायचा तर अडचण मोठी, कारण जिथे गुन्हे वाढतात तिथेच सरकार पोलीसही वाढवतं आणि कायदेही कडक करतं. कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून संशोधक अशा घटना शोधतात जिथे पकडलं जाण्याची खात्री आणि शिक्षेची लांबी यांपैकी एकच गोष्ट बदलली, आणि तीही गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कारणाने.

अशी एक घटना १८ जुलै १९९४ ची. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरात ज्यू समाजाच्या केंद्रावर बॉम्बहल्ला झाला, ८५ माणसं गेली. त्यानंतर सरकारने शहरातल्या ज्यू संस्थांसमोर चोवीस तास पोलीस उभे केले. ते उभे होते दहशतवाद्यांसाठी. पण त्या रस्त्यांवरच्या मोटारींच्या चोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या. कायद्यातली शिक्षा होती तेवढीच होती. वाढली होती ती फक्त तिथल्या तिथे पकडलं जाण्याची शक्यता. एक-दोन गल्ल्या पलीकडे, जिथून तो पोलीस दिसत नव्हता, तिथे मात्र काहीही फरक पडला नाही.

याची उलट बाजू अमेरिकेतल्या फ्लोरिडात तपासली गेली. तिथे अठरावा वाढदिवस उलटला की त्याच गुन्ह्यासाठी मुलावर प्रौढ म्हणून खटला चालतो आणि वाट्याला येणारी शिक्षा सरासरीने दुपटीहून अधिक होते. पोरगं तेच, गल्ली तीच, पोलीसही तेच, एका रात्रीत बदलते ती केवळ शिक्षेची लांबी. ती धाक घालत असती, तर वाढदिवसानंतरच्या आठवड्यांत गुन्हे धाडकन खाली यायला हवे होते. घट दिसली ती सुमारे २ टक्के.

असं का होतं, हे साध्या हिशेबाने बघू. समजा साखळी ओढणाऱ्या शंभरांपैकी पाचांनाच शेवटी शिक्षा होते आणि ती तीन वर्षांची असते. प्रत्येक चोरीमागे सरासरी ‘किंमत’ पडली साधारण ५५ दिवस. शिक्षा दहा वर्षं केली, तर कागदावर ती सहा महिने होते. पण माणूस असा गुणाकार करत नाही. उद्याच्या शंभर रुपयांपेक्षा आजचे ऐंशी आपल्याला जवळचे वाटतात आणि लांबचं दुःख मनात फार लवकर आक्रसतं. आठव्या-नवव्या वर्षीची कोठडी आज, मोटारसायकलवर बसताना, जवळजवळ शून्य असते. त्यात वय विशीच्या आतबाहेरचं. परिणाम तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. अशा मुलाच्या डोक्यात प्रश्न एकच असतो, ‘आत्ता कुणी बघतंय का?’

शिक्षेच्या लांबीचा परिणाम अगदीच होत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. इटलीने २००६ मध्ये हजारो कैदी एकदम सोडले, अट अशी की पुन्हा गुन्हा केला तर राहिलेली शिक्षा नव्या शिक्षेत मिळवली जाईल. ज्यांची जास्त राहिली होती, ते थोडे अधिक सांभाळून वागले. हा परिणाम खरा आहे. पण तो लहान आहे आणि त्याची किंमत मोठी आहे.

कडकपणाचा आणखी एक धोका आमच्या भागाला चांगलाच समजायला हवा. इथे डाकूला ‘बागी’ आणि खंडणीसाठी उचलून नेलेल्या माणसाला ‘पकड’ म्हणतात. १९९३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ३६४-अ हे कलम आलं. खंडणीसाठी पळवून जीव घेण्याची धमकी दिली, तरी शिक्षा फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे खुनाइतकीच. संताप समजण्यासारखा आहे. पण मग पकड जिवंत परत पाठवण्याने बागीचा फायदा काय? उलट साक्षीदार कमी झाला तर त्याच्या पथ्यावरच. शिक्षेच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या की गुन्हेगाराला मधल्या पायरीवर थांबायचं कारण उरत नाही.

आमच्या बीहडात धाक तर नेहमीच कमाल होता. पोलिसांची गोळी किंवा फास, तिसरं काही नाही. तरीही १९६० च्या मे महिन्यात आपल्या गागोद्याचे विनोबा भिंड-मोरेन्यातून पायी फिरले आणि त्यांच्यापुढे बागींनी बंदुका ठेवल्या. पुढे माधोसिंह हा बागी नाव बदलून, ठेकेदार बनून पाटण्याला जयप्रकाश नारायणांच्या दारी गेला आणि एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याच्या गांधी सेवाश्रमात टोळ्यांनी शस्त्रं टाकली. पोलिसांचा दबाव होताच, तो वजा करता येत नाही. पुढे नव्या टोळ्या उभ्या राहिल्या, हेही खरं. पण त्या दिवशी शिक्षा वाढली नव्हती. शरण आल्यावर नक्की काय होणार, फाशी होणार की नाही, याबद्दल विश्वास ठेवता येईल असा शब्द पहिल्यांदा मिळाला होता.

म्हणून ‘स्वातंत्र्य हवं की सुरक्षा’ हा तराजू मला पटेनासा झाला. त्यात असं मानलेलं असतं की एका पारड्यातून काढलेलं दुसऱ्यात पडतंच. जामीन अवघड केला तर आत जाणारा माणूस दोषी आहे की नाही, हे ठरण्याआधीच वर्षं जातात. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतली तीन. हे स्वातंत्र्य आपण सगळ्यांनी मिळून मोजलं आणि बदल्यात हाती आली शिक्षेची भीती, तीही अशी की गुन्हा करणाऱ्याच्या मनापर्यंत पोचतच नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवताना सरकारला घातलेली अट इथे उपयोगी पडते. बंधन कायद्याने घातलेलं हवं, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. प्रमाणात आहे की नाही हे ठरवायचं, तर आधी उपायाने काम होतं का ते मोजावं लागतं. मी ही अट कॅमेऱ्यांनाही लावेन. त्यांच्यावरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला. गुन्हे सरासरी १३ टक्के कमी झाले होते. वाहनतळांवर परिणाम सर्वांत चांगला होता, हिंसक गुन्ह्यांवर लक्षात येण्याजोगा परिणाम नव्हता. म्हणजे वाहनतळावर कॅमेरा जरूर लावा. पण चौकाचौकांत प्रत्येकाचा चेहरा टिपून साठवायचा असेल, तर त्याने कोणते गुन्हे थांबले, याचे आकडे आधी आमच्यापुढे ठेवा.

मामीच्या प्रकरणात दोन मुलं पकडली गेली, एक एकोणीस वर्षांचा. ती हीच होती का, हे मामीला आजही छातीठोक सांगता येत नाही, सगळं क्षणभरात झालं होतं. मुलं बरेच महिने आत होती. साक्षीसाठी मामीला अजून बोलावणं आलेलं नाही. नया बाजारच्या त्या कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, आणि संध्याकाळी भाजीला जाताना ती पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून निघते.