नोड 'मेला' म्हणण्याआधी : मेश नोडवर फर्मवेअर चढवताना

आमच्याकडून मायक्रोटिक, युबिक्विटी किंवा टीपी-लिंकचा नोड (इतर नोडशी रेडिओने जोडून मेश जाळं तयार करणारं यंत्र) नेणाऱ्या हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. त्यावर एआरईडीएन या हॅम मेश प्रकल्पाचं फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम) स्वतः चढवायचं असेल, किंवा चढवता चढवता मध्येच अडकलं असेल, तर पुन्हा रिसेटचं बटण दाबण्याआधी हे एकदा नीट वाचा. पत्ते आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, लॅपटॉपवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायची.

या कामाकडे आम्ही निव्वळ विक्रीनंतरची सेवा म्हणून बघत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आपला माणूस कुठल्या मजल्यावर अडकलाय हे कळायला मार्ग नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी 'निसर्ग' वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत लाइट आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस बंद होते. अशा वेळी सड्यावरचा (डोंगरावरच्या पठारावरचा) एक आणि खाली गावातला एक असे दोन नोड बॅटरीवर चालू असले, तरी फोटो, याद्या, निरोप सगळं इंटरनेटशिवाय जातं. म्हणून कपाटात बिघडलेला नोड पडून राहिलेला आम्हाला बघवत नाही. आणि दुरुस्तीला येणारे 'मेलेले' नोड बहुतेक वेळा मेलेले नसतातच.

बूटलोडर शाबूत, तर नोड शाबूत

प्रत्येक नोडमध्ये फर्मवेअरच्या खाली बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो. वीज मिळाली की आधी तो उठतो आणि मग फर्मवेअरला उठवतो. चुकीची फाइल गेली, अर्ध्यात लाइट गेली, तर बिघडतं ते फर्मवेअर. बूटलोडर सहसा जागच्या जागी असतो. रिसेटचं बटण दाबून धरून वीज दिली की तो फर्मवेअरकडे न जाता नेटवर्कवरून फाइल घ्यायला तयार होतो. सगळा खेळ या काही सेकंदांचा आहे. 'चढत नाही' असं म्हणण्यापेक्षा 'कुठे अडलं' हे शोधलं, तर बहुतेक कामं घरच्या टेबलावरच सुटतात.

आधी टेबल मांडा

नोड खांबावर असेल तर खाली उतरवा. मीटरभराची चांगली केबल घ्या. लॅपटॉप चार्जरवर, चार्जर आणि नोड दोन्ही इन्व्हर्टरवर. विजा चमकत असतील तर त्या दिवशी काम नको.

लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच पडतं. घरच्या राऊटरचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो आणि नव्या नोडचाही तोच. वाय-फाय चालू राहिलं की ब्राउझर बिनदिक्कत घरच्या राऊटरचं पान उघडतो आणि माणूस तासभर त्यातच पासवर्ड टाकत बसतो. मग केबलच्या पोर्टला हाताने पत्ता द्या : १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. काम होईपर्यंत विंडोजची फायरवॉल बंद ठेवा. नाहीतर नोड फाइल मागत राहतो आणि लॅपटॉपला त्याची हाक ऐकूच येत नाही.

विजेचंही बघून घ्या. सीसीटीव्हीसाठी मिळणारे बरेच पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे) स्विच समोरच्या यंत्राशी आधी बोलणी करतात, मगच ४८ व्होल्ट सोडतात. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालणारा नोड त्यांना उत्तरच देत नाही, म्हणून त्याला वीजच मिळत नाही आणि एकही दिवा लागत नाही. उलट, बोलणी न करता थेट ४८ व्होल्ट सोडणारा अडॅप्टर लावला तर नोड खरोखर जळू शकतो. सोबत दिलेलाच अडॅप्टर वापरा.

कोण मागतं, कोण देतं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तिन्ही कंपन्यांचे नोड टीएफटीपीनेच (नेटवर्कवरून फाइल पाठवायची एक साधी पद्धत) फाइल घेतात, पण घेण्याची रीत वेगवेगळी आहे. युबिक्विटीचा नोड दार उघडून बसतो आणि फाइल लॅपटॉपने ढकलायची असते. मायक्रोटिक आणि टीपी-लिंक स्वतः फाइल मागतात, लॅपटॉपने सर्व्हर होऊन ती द्यायची असते. एकाची कृती दुसऱ्यावर करून पाहिली तर काहीच होत नाही. नेमकं काय चुकलं हे सांगणारा संदेशसुद्धा येत नाही.

मायक्रोटिकची कृती सगळ्यांत लांबलचक आणि इथेच लोक जास्त अडकतात. फाइली दोन लागतात. पहिली ईएलएफ फाइल, जी नोड फक्त रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत, घेतो. दुसरी सिसअपग्रेड नावाची बिन फाइल, जी कायमची बसते. विंडोजवर टायनी पीएक्सई हा प्रोग्राम वापरतात. ईएलएफ फाइलचं नाव बदलून 'आरबी.ईएलएफ' करा आणि त्याच्या 'फाइल्स' फोल्डरमध्ये ठेवा. 'कॉन्फिग.आयएनआय' उघडून डीएचसीपी या मथळ्याच्या लगेच खाली 'आरएफसी९५१=१' ही ओळ घाला. ती नसेल तर मायक्रोटिकच्या जुन्या पद्धतीच्या मागणीला उत्तरच जात नाही. प्रोग्राममध्ये १९२.१६८.१.१० हा पत्ता निवडा, फाइलचं नाव भरा, ऑनलाइन करा. मग रिसेट दाबून धरूनच वीज द्या आणि खिडकीत 'आरबी.ईएलएफ' वाचल्याची ओळ दिसेपर्यंत बोट काढू नका.

ती ओळ येतच नसेल तर एक गोष्ट करून बघा. नोड आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक साधा पाच पोर्टचा स्विच टाका. नोड बंद असताना लॅपटॉपचा केबल पोर्ट झोपतो, नोडला वीज दिल्यावर विंडोज त्याला जागं करायला काही सेकंद घेतं, आणि तेवढ्यात नोडची मागणी येऊन गेलेलीही असते. मध्ये स्विच असला की लॅपटॉपचा पोर्ट सतत जागा राहतो. नोड परत करायला आलेली माणसं या एवढ्याशा स्विचमुळे नोड घेऊन घरी गेलेली आम्ही पाहिली आहेत. स्विच नसेल तर आमच्याकडून तात्पुरता न्या, काम झालं की परत द्या.

ओळ दिसली की बोट सोडा, प्रोग्राम ऑफलाइन करा, नोड सुरू होऊ द्या. एचएपी एसी लाइटसारख्या अनेक पोर्टच्या यंत्रात फाइल घेताना केबल पहिल्या पोर्टात असते, नंतर ती दुसऱ्या पोर्टात हलवावी लागते, कारण पहिला पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी आहे. केबल न हलवता १९२.१६८.१.१ उघडू पाहणाऱ्याला कोरं पान दिसतं. पान उघडलं की लगेच सिसअपग्रेड फाइल चढवा. इथपर्यंत आल्यावर 'झालं एकदाचं' म्हणून नोड बंद केला, तर रॅममधलं सगळं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी मायक्रोटिकचं मूळ राऊटरओएसच सुरू होतं. अशा वेळी नोड बिघडलेला नसतो, काम अर्ध्यावर राहिलेलं असतं.

युबिक्विटीत रिसेट दाबून वीज द्यायची आणि दिवे आलटून पालटून लुकलुकायला लागले की बोट सोडायचं. तेव्हा नोडचा पत्ता १९२.१६८.१.२० असतो. पिंगला (नोड जागा आहे का हे विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर आलं की निम्मं काम झालं. विंडोजमध्ये टीएफटीपी क्लायंट मुळात बंद असतो, तो 'विंडोज फीचर्स'मधून चालू करावा लागतो. टीएफटीपीच्या आज्ञेत 'वजा आय' हा पर्याय विसरू नका. त्याच्याशिवाय फाइल साधा मजकूर समजून पाठवली जाते आणि वाटेत बिघडते. इथे चढवायची ती नावात 'फॅक्टरी' असलेली फाइल. ती गेल्यावर दहा मिनिटं नोडला हात लावू नका. दिवे थांबलेले वाटले तरी आत लिहिणं चालू असतं, आणि घाईने वीज काढणं हाच या टप्प्यावरचा मोठा धोका. 'फर्मवेअर चेक फेल्ड' असं उत्तर आलं तर एकतर फाइल दुसऱ्या हार्डवेअरची आहे (एक्सएम आणि एक्सडब्ल्यू हे युबिक्विटी नोडचे दोन प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात), नाहीतर नवा बूटलोडर कंपनीची सही नसलेली फाइल नाकारतो आहे. त्याच फाइलचा पुन्हा पुन्हा मारा करू नका, आम्हाला विचारा.

टीपी-लिंकच्या सीपीई मालिकेत लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०० ठेवायचा (तिसरा आकडा शून्य) आणि फाइलचं नाव 'रिकव्हरी.बिन' करायचं. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी नोड ती उचलत नाही. विंडोज शेवटचं '.बिन' लपवत असेल तर नाव नकळत 'रिकव्हरी.बिन.बिन' होतं, तेवढं तपासा.

फाइल बरोबर, तरी चढत नाही

लेबलवरचं मॉडेल आणि आवृत्ती बघूनच फाइल घ्या. उतरवल्यावर शा-२५६ (फाइल पूर्ण आणि जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा संकेतांक) जुळवा. खेडेगावच्या मोबाइल डेटावर फाइल अर्धी उतरलेली आम्ही पुष्कळदा बघतो. जुन्या ३२ एमबी रॅमच्या नोडमध्ये नवी फाइल ठेवायलाच जागा नसते. अशा नोडवर आधी टाकलेली जादाची पॅकेजं काढा, नोड रीबूट करा आणि तो उठल्या उठल्या, बाकी कामांनी रॅम भरायच्या आत, फाइल चढवा. तरी नाही झालं तर हा नोड आता निवृत्त करायला हवा असं आमचं प्रामाणिक मत आहे. हे आम्ही विक्रीसाठी म्हणत नाही. वादळाच्या दिवशी रॅम संपून अडकणारा नोड कुणाच्याच कामाचा नाही.

चढलं, पण नोड हरवला

फर्मवेअर पहिल्यांदा उठतं तेव्हा पत्ता १९२.१६८.१.१, वापरकर्ता 'रूट', पासवर्ड 'एचएच'. नाव आणि पासवर्ड भरून जतन केलं की नोड रीबूट होतो आणि त्यानंतर तो १० ने सुरू होणारा स्वतःचा पत्ता घेतो. लॅपटॉप मात्र अजून हाताने दिलेल्या १९२ च्या पत्त्यावरच बसलेला असतो. 'सेटिंग केलं आणि नोड गेला' म्हणून येणारे फोन बहुतेक याचेच. लॅपटॉपचा पत्ता पुन्हा आपोआप मिळण्यावर टाका, केबल काढून लावा आणि ब्राउझरमध्ये 'लोकलनोड.लोकल.मेश' उघडा. पान अर्धवट किंवा जुनं दिसलं तर ब्राउझरची कॅशे साफ करा. पासवर्डच विसरला असेल तर चालू नोडचं रिसेट पाच सेकंद दाबा, पासवर्ड मूळचा होतो. पंधरा सेकंद दाबलं तर सगळंच कोरं होतं, तेव्हा मनात सेकंद मोजा.

शेजारचा नोड दिसत नसेल तर दोन्हीकडे चॅनेल आणि चॅनेलची रुंदी (५, १० किंवा २० मेगाहर्ट्झ) तंतोतंत एकच आहे का ते आधी पाहा. एकीकडे वर्षानुवर्षं जुनं फर्मवेअर आणि दुसरीकडे ताजं, असंही नको. पूर्वी हे जाळं ओएलएसआर या पद्धतीने वाटा शोधायचं, आता त्याजागी बेबल ही पद्धत आली आहे. गटातल्या सगळ्यांनी ठरवून एकत्रच बदल करावा.

चॅनेल निवडताना एक काळजी घ्या. हे फर्मवेअर अमेरिकेत जन्मलं. तिथल्या हॅमना ५.६५० ते ५.९२५ गिगाहर्ट्झ मोकळं आहे, आपल्याकडचा पट्टा त्याहून अरुंद आहे. यादीत चॅनेल दिसतंय म्हणून ते आपल्याला चालतं असं नाही. स्वतःचा परवाना उघडून बघा आणि त्याबाहेर जाऊ नका. नोडच्या नावाची सुरुवात तुमच्या कॉल साइनने करायची, कारण हवेत तीच तुमची ओळख.

उंचावरच्या नोडसाठी

सड्यावर, टाकीवर किंवा माडाच्या उंचीच्या खांबावर बसवलेल्या नोडचं फर्मवेअर लांबून बदलायची वेळ आली, तर आधी टोकाचा नोड, मग मधला, शेवटी घरचा. उलट क्रमाने गेलात आणि मधला अडकला तर टोकाचाही तुटतो. शक्य असेल तर उतरवूनच करा.

उतरवलात की केबलचं टोक उजेडात धरून बघा. समुद्राकाठी दोन पावसाळ्यांत आरजे-४५ च्या (केबलच्या टोकाच्या प्लगच्या) पात्यांवर हिरवट पूट चढतं. लिंकचा दिवा लागतो, पण मोठी फाइल जाताना मध्येच तुटते आणि दोष फर्मवेअरला दिला जातो. टोक कापून नवं लावा, पोर्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वर बसवताना तोंड खाली ठेवून केबलला पाणी गळायला वळण द्या.

आणि हे सगळं मृगाच्या भरवशावर ठेवू नका. 'निसर्ग' ३ जूनला आलं. २०२१ मध्ये 'तौक्ते' तर मे महिन्याच्या मध्यालाच किनाऱ्याला घासून गेलं. एप्रिल संपायच्या आत नोड अद्ययावत करून, वर बसवून, बॅटरीवर रात्रभर चालवून बघितलेला असावा. पावसाळ्यात चालू नोडला नव्या फर्मवेअरच्या मोहाने हात लावू नये असं आम्ही आग्रहाने सांगतो. नवं आलेलं नारळी पौर्णिमेनंतर बघू.

आम्हाला कळवताना

पावतीवरच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. नोडच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो, चढवलेल्या फाइलचं पूर्ण नाव, वीज दिल्यावरच्या दिव्यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि टीएफटीपीच्या खिडकीतली शेवटची ओळ एवढं पाठवलं की बहुतेकदा फोनवरच उलगडा होतो. नोड पाठवायचाच झाला तर त्याचा अडॅप्टर आणि तुम्ही वापरलेली केबलही त्याच खोक्यात घाला. दोष कधीकधी त्या दोघांतच निघतो.