इराणी चित्रपटांची समीक्षा

इराणी चित्रपटांची समीक्षा : इराणी दिग्दर्शकांच्या कथापट-माहितीपटांचे परीक्षण करताना त्यांमागची भाषा, धर्मनियम, कायदा आणि काव्यपरंपरा जमेस धरण्याची पद्धत. परदेशी चित्रपट उपशीर्षके वाचून समजतो, असे आपण धरून चालतो. इराणी चित्रपटाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे.

१९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर इराणच्या पडद्यावरील स्त्रीला डोके झाकणे बंधनकारक झाले. स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोर, झोपायच्या खोलीतसुद्धा ती रुमाल बांधूनच दिसते. खऱ्या आयुष्यात इराणी स्त्री घरच्यांत सहसा अशी वावरत नाही. पण प्रेक्षागृहातला पुरुष तिला नामहरम, म्हणजे नात्याबाहेरचा, आणि नियम त्या नजरेसाठी आहे. नात्यात नसलेल्या नट-नटीने एकमेकांना स्पर्शही करायचा नाही. त्यामुळे आजारी मुलाला आई कुशीत घेत नाही तेव्हा तो पात्राचा कोरडेपणा समजणारा परीक्षक फसतो. या बंधनातून दिग्दर्शकांनी स्वतःची चित्रभाषा घडवली. दाराबाहेर थांबणारा कॅमेरा, मोटारीतले लांबलचक संवाद, मुख्य भूमिकेत लहान मुले. शिवाय चित्रीकरणासाठी एक आणि प्रदर्शनासाठी दुसरी परवानगी सरकारकडून घ्यावी लागते. तिला फारसीत ‘पर्वाने’ म्हणतात. मराठीतला परवाना तो हाच.

धर्मनियम कथेच्या गाभ्यात कसा असतो, हे असगर फरहादी यांच्या २०११ च्या चित्रपटात फार स्पष्ट दिसते. जगभर तो ‘अ सेपरेशन’ नावाने गेला. मूळ नाव ‘जोदायी-ए नादेर अझ सीमीन’, म्हणजे नादेरची सीमीनपासून ताटातूट. इंग्रजी नावातून नवरा-बायको दोघेही गळाले. त्यात नादेरच्या घरी कामाला आलेली राझिये वृद्ध रुग्णाचे ओले कपडे बदलण्यापूर्वी धर्मसल्ला देणाऱ्या कार्यालयात फोन करते : परक्या पुरुषाला स्वच्छ केले तर पाप लागेल का? पुढे नादेरमुळे तिचा गर्भपात झाला या आरोपावरून खटला उभा राहतो आणि भरपाईची रक्कम, म्हणजे ‘दिये’, ठरू लागते. ती स्वीकारण्याआधी कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची वेळ येते तेव्हा राझिये कचरते. कर्जात बुडालेल्या घराला त्या पैशाची नितांत गरज आहे, तरीही. गर्भ गेला तो नादेरमुळेच का, अशी तिच्या मनात शंका आहे आणि खोट्या शपथेने मुलीवर अरिष्ट येईल ही भीती खरी आहे. ‘अडाणी श्रद्धा’ असा शेरा मारून पुढे जाणाऱ्या परीक्षणाने चित्रपटातले सर्वांत प्रामाणिक माणूस गमावलेले असते.

अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘टेस्ट ऑफ चेरी’बद्दलचा मतभेद प्रसिद्ध आहे. १९९७ मध्ये त्याला कान महोत्सवात सुवर्णपाम हा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला; अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र तो कंटाळवाणा ठरवून एकच तारा दिला. आत्महत्येच्या विचारात असलेला एक गृहस्थ तेहरानच्या कडेच्या टेकड्यांवर गाडी फिरवतो आणि आपल्या खड्ड्यावर माती लोटणारा माणूस शोधतो. गाडीत बसणारे तिघे पाहावेत : कुर्द शिपाई, मदरशात शिकणारा अफगाण, निसर्गविज्ञान संग्रहालयासाठी पक्ष्यांत पेंढा भरणारा अझेरी तुर्क. तिघेही इराणच्या फारसीभाषक बहुसंख्याकांच्या बाहेरचे. त्यांतल्या दोघांच्या मुलखांनी युद्ध सोसलेले. हे कळले की त्या संथ फेऱ्या रिकाम्या उरत नाहीत. जाफर पनाही यांच्या ‘द व्हाइट बलून’मध्येही (१९९५) सारी धावपळ नवरोजसाठी सोनेरी मासा आणण्याची आहे, पण अखेरची चौकट थांबते ती फुगे विकणाऱ्या अफगाण मुलावर. सण सुरू होताना ज्याला घर नाही, तो एकटा उरतो.

कवितेचा धागा सर्वांत जास्त निसटतो. ‘खाने-ये दूस्त कोजास्त’ (१९८७) हे किआरोस्तामी यांचे शीर्षक इराणी कवी सोहराब सेपेहरी यांच्या कवितेतून आले आहे : दोस्ताचे घर कुठे आहे? दवाखाना, कारखाना आणि दोस्त रोज बोलणाऱ्या मराठी वाचकाला ते जवळजवळ भाषांतराशिवाय कळते. माजिद मजिदी यांच्या ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’चे मूळ नावही ‘बच्चेहा-ये आसेमान’, आसमानाची मुले. स्वर्ग इंग्रजीने आणला. मराठी परीक्षणाने इंग्रजीतून न येता या शब्दांच्या वाटेने यावे, असे मनापासून वाटते. ही ओळख जुनी आहे. पहिला फारसी बोलपट ‘दोख्तर-ए लोर’ (१९३३) मुंबईतच, अर्देशिर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत, अब्दुलहुसेन सेपन्ता यांच्या कथेवर तयार झाला.

माहितीपटांत फोरूग फारोखझाद यांचा ‘द हाउस इज ब्लॅक’ पहिला नावाजावा. तब्रीजजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरचा हा लघुपट कवयित्रीने केला आहे आणि निवेदनात तिचा आवाज व धर्मग्रंथांतील वचने आहेत. निव्वळ माहिती म्हणून तो पाहताच येत नाही. ‘डिव्होर्स इराणियन स्टाइल’ (१९९८) तेहरानच्या कौटुंबिक न्यायालयात चित्रित झाला. त्यातल्या बायका विवाहकराराची रक्कम, मेहेर, हत्यारासारखी वापरतात. सह-दिग्दर्शिका झीबा मीर-होसेनी स्वतः मानववंशशास्त्रज्ञ असल्याने ही घासाघीस नेमकी टिपली गेली.

२०२२ मध्ये रुमाल नीट न बांधल्यावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा पोलिस कोठडीनंतर मृत्यू झाला, देशभर निदर्शने पेटली आणि समीक्षेची जुनी खूणगाठही बदलली. आता परवान्याविना केलेल्या चित्रपटांत स्त्रिया घरात रुमालाशिवाय दिसतात. ‘माय फेव्हरिट केक’ (२०२४) मधली सत्तरीची विधवा मोकळ्या केसांनी पाहुण्याशी गप्पा मारते. बाहेरच्या प्रेक्षकाला ते साधे दृश्य वाटते. त्याच्या दोन्ही दिग्दर्शकांना मात्र बर्लिन महोत्सवाला जाऊ दिले गेले नाही. त्याच वर्षी मोहम्मद रसूलोफ शिक्षा टाळण्यासाठी देश सोडून गेले. त्यांचा चित्रपट ऑस्करसाठी जर्मनीने पाठवला, तर पनाही यांचा २०२५ चा सुवर्णपामविजेता चित्रपट फ्रान्सने. दोन्हींतली भाषा फारसी, रस्ते इराणचे. देशाच्या रकान्यात दुसरेच नाव.