जुन्या सागवानाचं फ्लोअरिंग करून घेण्याआधी

घरात कूलर लावता की एसी? लाकूड पाहायला येणाऱ्यांना आम्ही आधी हे विचारतो, खोलीचं माप नंतर.

नागपुरात महाल, इतवारीकडचे जुने वाडे उतरतात तेव्हा कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, तुळया आणि फळ्या आम्ही विकत घेतो आणि त्यांतून फ्लोअरिंगच्या फळ्या काढतो. इतकं दाट रेषांचं सागवान नव्या लाकडात सहसा मिळत नाही. पण “एवढं जुनं लाकूड, आता काय फुगणार?” हा समज चुकीचा आहे. लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. फळी लांबीत जवळपास तेवढीच राहते, फरक पडतो तो रुंदीत. लाकडातला ओलावा 8 टक्क्यांवरून 13 वर गेला की 4 इंची फळी साधारण 1 मिलिमीटरने रुंदावते. आणि 12 फुटांच्या खोलीत अशा 36 फळ्या एकमेकींना खेटून असतात!

मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. कूलर सुरू केला की तीच खोली दमट. एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडीच राहते. मग पावसाळा येतो. त्यामुळे फळ्या घरी आणल्यावर आम्ही त्या लगेच ठोकत नाही. त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या देऊन, किमान दोन आठवडे रचून ठेवतो आणि मॉइश्चर मीटर लावून पाहतो. चारही भिंतींशी 12 मिलिमीटर जागा सोडतो, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही जागा भरून टाकायचा आग्रह कृपया धरू नका, पावसाळ्यात फ्लोअरिंग उचललं जाईल. आमच्या मते कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस चांगले. भर पावसात बसवलेल्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात फटी पडतात.

जुनी फरशी काढावी लागत नाही. तिच्यावर प्लास्टिक, मग प्लाय, मग फळ्या. जमीन सव्वा इंचाच्या आसपास वर येते, म्हणून दारं खालून कापावी लागतील. तो खर्च आधीच धरा.

लाकूड तुमच्याच जुन्या घराचं असेल तर आनंदाने वापरू. फक्त जुना ऑइलपेंट घरी घासू नका, त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. आत मोडून राहिलेले खिळे आम्ही डिटेक्टरने शोधून काढतो. कुजकी टोकं आणि खिळ्यांची भोकं कापून टाकावी लागतात, तेव्हा मापापेक्षा 20 टक्के लाकूड जास्त ठेवा.

नंतर ओला पोछा नको, घट्ट पिळलेला फडका पुरे. कूलरचं पाणी गळत असेल तर ते आधी बंद करा.

आम्ही पाहणीला येण्याच्या दोन दिवस आधी हात-दीड हात प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने फरशीला चिकटवून ठेवा, तळमजल्यावर तर नक्कीच. आम्ही आल्यावरच तो उचलू. खाली पाण्याचे थेंब दिसले तर आधी ओल थांबवायचं काम, लाकूड त्यानंतर.